पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी

पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत एकदा भरदिवसा एक घुबड येऊन बसलं. कडुलिंबाच्या आडव्या फांदीवर, बरोबर पुजाऱ्यांच्या दारासमोर. अर्ध्या तासात सगळी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे अपशकुन, कुणी म्हणे लक्ष्मीचं वाहन; दगड मात्र दोन्ही बाजूंच्या हातात होते. तेवढ्यात समोरच्या घरातून खिरवडकर साहेब स्टूल घेऊन बाहेर आले. स्टुलावर बसले, मांडीवर लाकडी पाटी घेतली, तिला कागद लावला आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. आज रोजी आम्ही खाली सही करणार पंच समक्ष पाहतो तो कडुलिंबावर एक घुबड, तोंड उत्तरेस. पूर्वेस पुजाऱ्यांचं घर, पश्चिमेस दूधवाल्याची सायकल, दक्षिणेस नळ. सदर पक्ष्याने कुणासही उपद्रव दिलेला नाही.

मग त्यांनी पेन पुढे केलं. पहिली सही पुजाऱ्यांनी केली, ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग दूधवाल्यानं, मग आणखी तिघांनी. सही करायला हातातला दगड खाली ठेवावा लागतो. एकदा सही केल्यावर तो परत उचलायची कुणाला लाज वाटली असेल, किंवा भीती. घुबड संध्याकाळी आपलं आपण उडून गेलं. साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “पाच सह्या झाल्या की माणूस आपोआप शहाणा होते.”

यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पुढे हाच विश्वास त्यांच्या अंगाशी आला, ती गोष्ट मला सांगायची आहे.

दत्तात्रय खिरवडकर महसूल खात्यात पटवारी म्हणून लागले आणि आर. आय. म्हणजे राजस्व निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुराकडून रायपुरात आलेलं. “आमचे पूर्वज लढायले नाही आले, मोजायले आले,” असं ते अभिमानानं सांगत. मी त्याच तहसील कचेरीत रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते आणि राहायला त्यांच्या समोर. त्यामुळे कचेरीत ते मला ‘सुनंदाबाई’ म्हणत आणि गल्लीत ‘पोट्टी’. माझी पोरगी दहावीला गेली तरी मी पोट्टीच होते. दोन्ही हाकांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. कचेरीचं फाटक ही त्यांची हद्द होती. फाटकाच्या आत सुनंदाबाई, बाहेर पाऊल टाकलं की पोट्टी.

बुटका, काटक माणूस. डोक्यावर पांढरा रुमाल चारी कोपऱ्यांना गाठ मारून घातलेला, पायात किरमिजी कॅनव्हासचे बूट. चालताना पावलं मोजायची सवय, कारण उभा जन्म जरीब ओढण्यात गेलेला. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. घरापासून भाजीबाजारापर्यंत किती पावलं, हे त्यांना पाठ होतं आणि एखाद्या दिवशी चार पावलं जास्त भरली तर ते रस्त्याला दोष देत. आपल्या मोजणीवर शंका घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कचेरीत कुणाचा वाद आला की मोठे साहेबसुद्धा विचारत, मोजलं कुणी? खिरवडकर म्हटलं की फाईल बंद व्हायची.

मी नवी होते तेव्हा एकदा घाईत लाल फडक्यातला एक बस्ता सोडला आणि कागदांचा क्रम बिघडवला. ते दारातून पाहत होते. आत आले, खाली बसले आणि दुपारभर एकेक कागद माझ्याकडून लावून घेतला. ओरडले नाहीत. फक्त शेवटी गाठ बांधताना म्हणाले की, सुनंदाबाई, या फडक्यात गाव बांधलेलं असते, गाठ हळू सोडत जा. त्या दिवशी मी त्यांना मनात गुरू केलं. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही पंचनामा केला असता.

पंचनाम्याचं वेड कचेरीपुरतं नव्हतंच. त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, लोणचं बुरसटलं, तर बरणीचा पंचनामा. मुलानं सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली, तर रुजू होण्याच्या दिवशी त्याच्या नव्या बुटांचा पंचनामा. तो पोरगा वैतागून म्हणायचा, “पापा, साइन तो कर दूँगा, पढ़ूँगा नहीं.” घरातले कागद ते मराठीत लिहीत आणि बाहेरचे हिंदीत. काकू सांगायच्या की, मला पाहायला आले तेव्हा यांनी माझ्या चारी बाजूंना काय काय आहे तेच पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

काकूंची ती थट्टा होती. पण पुढे मला वाटत राहिलं की त्यांच्या स्वभावाचं नेमकं माप त्या एकट्या काकूंनीच घेतलं होतं.

राज्य नवं झालं आणि साहेब निवृत्त झाले. “छत्तीसगड नवा, मी जुना,” असं म्हणत त्यांनी निरोपाचा नारळ घेतला. रायपूर आता राजधानी. जो तो जमिनीची भाषा बोलायला लागला. अभनपुरच्या बाजूला जिथं बैलगाडी रुतायची, तिथं रंगवलेले खुंट दिसायला लागले. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये इतकी माणसं यायला लागली की बस्त्यांच्या गाठी बांधायला वेळ मिळेना. साहेबांनी मात्र या सगळ्याकडे पाठ फिरवली आणि गळ्यात दुर्बीण अडकवली.

पक्ष्यांचा नाद जुनाच होता. जरीब ओढताना मान खाली, मोजून झालं की मान वर, असं ते सांगत. पण नोकरीत मान वर करायला सवड कमी. आता फाटक्या कव्हराचं एक जुनं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन ते सकाळी सकाळी एस.टी.सारख्या खडखडणाऱ्या खाजगी बसमध्ये बसत आणि कुठल्या तरी तळ्याकाठी उतरत. दिसलेल्या प्रत्येक नव्या पक्ष्याचा पंचनामा होई. जागेचा खसरा नंबर, म्हणजे आपला सर्व्हे नंबर, चतुःसीमा, ओळखीची खूण आणि पाच सह्या. पाच माणसं नसली तर ते थांबत. एकदा एका खंड्यासाठी पाचवा माणूस मिळेपर्यंत ते तीन तास बांधावर बसले होते आणि खंड्याही बसला होता, असं ते शपथेवर सांगत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. अभनपुरच्या अलीकडे सेमरडीह नावाचं गाव, गावाबाहेर जोगनी डबरी. डबरी म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहान तळं. कडेला शिंगाड्याचे वेल, बांधावर एक मोठा कहुआ, म्हणजे अर्जुनाचं झाड, आणि मधोमध पाण्यातच वाढलेलं बेशरमाचं झुडूप, जांभळ्या-गुलाबी फुलांनी लगडलेलं. या झाडाला तिकडे बेशरम म्हणतात, कारण ते कुठंही उगवतं आणि कुणी लावलेलं नसतं. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मला हातानंच थांबवलं.

त्या फुलांवर अंगठ्याएवढा एक पक्षी होता. पोट पिवळं, पाठ मळकट हिरवी, चोच बारीक आणि वाकडी, आणि गळ्यापासून पोटापर्यंत शाईनं ओढल्यासारखी काळी रेघ. फुलाच्या देठाशी चोच टोचून मध पीत होता. डावा पाय आखडलेला, त्यामुळे फांदीवर बसताना जरा कलायचा. साहेबांनी पुस्तक काढलं, पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. तो एक शिंजीर होता, मध पिणारा, पण दूर अंदमानात समुद्राकाठच्या खाजणात राहणारा.

मी म्हटलं, साहेब, अंदमान कुठं, अभनपूर कुठं?

“वाऱ्यानं येते पोट्टी,” ते म्हणाले. “भोसले नाही आले का नागपुरातून?”

एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. लगेच कागद निघाला. पक्षी: खाजणातला शिंजीर, दुर्मीळ. ओळखीची खूण: डावा पाय आखडलेला. पूर्वेस पाणी, कंबरभर. पश्चिमेस पाणी. उत्तरेस पाणी व शिंगाडे. दक्षिणेस पाणी, पलीकडे बांध. पाण्याची खोली सांगायला त्यांनी शिंगाडे काढायला उतरलेल्या बाईकडे पाहिलं आणि तिच्या कमरेवरून अंदाज लिहिला. ती बाई म्हणजे केजाबाई, गावातली साठीची विधवा, जिच्या बोलण्याला गावात मान होता. तिनं अंगठा दिला. गावातल्या तिघांनी सह्या केल्या. पाचवी सही माझी. मला तेव्हा शिंजीर आणि चिमणी यांतला फरकही धड कळत नव्हता, पण साहेबांनी लिहिलं होतं म्हणून मी सही केली.

सोमवारी ते कचेरीत आले. कागदावर खसरा नंबर हवा होता म्हणून सेमरडीहचा बस्ता मागितला. मी गाठ हळू सोडली, नकाशा काढला, नोंद शोधली. त्या नंबरासमोर ‘डबरी’ नव्हतं. ‘पड़ती’ होतं. म्हणजे पडीत, कोरडी, कुणाच्या कामाची नसलेली जमीन. आणि त्याच नंबराला नव्या राजधानीकडे जाणाऱ्या एका जोडरस्त्याची नोटीस चिकटवलेली होती. रस्ता सरळ डबरीच्या पोटातून जात होता. हरकती घ्यायला चैतापर्यंत मुदत होती.

साहेबांनी चष्मा पुसून ती जुनी नोंद वाचली. खाली पटवाऱ्याची सही होती, आणि पाच पंचांच्या खुणा.

“हा हात माझाच आहे,” ते म्हणाले.

नोकरीचं तिसरं वर्ष असावं. जेठ महिना, ऊन मरणाचं. डबरी त्या दिवसांत कोरडी ठणठणीत असते आणि तळाला भेगा पडलेल्या असतात. त्यांनी जरीब टाकली, भेगा पाहिल्या आणि ‘पड़ती’ लिहून पाच अंगठे घेतले. मोजणीत बोटभर चूक नव्हती. फक्त ते जेठात गेले होते.

ते घरी गेले. दोन दिवस दुर्बीण खुंटीला होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा चेहऱ्यावर पुन्हा जुना रंग आला होता. त्यांचा हिशेब सरळ होता. जमीन चुकीची लिहिली गेली, तरी पक्षी बरोबर लिहिला गेला आहे. जगात दुर्मीळ असा पक्षी ज्या डबरीत राहतो, तिच्यावरून रस्ता कोण नेईल? त्यांनी सेमरडीहच्या लोकांकडून हरकत टाकून घेतली. एका स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन बोटं बातमी आली, ‘अंडमान का मेहमान अभनपुर में’. सेमरडीहच्या लोकांनी ती कापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. आता आपली डबरी वाचली, असं गाव धरून चाललं.

मग साहेब दर महिन्याला जायला लागले. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात गेले, पुसात गेले, माघात गेले. दरवेळी कागद, दरवेळी पाच सह्या. अगहनात पक्षी लांबून दिसला. पुसात आणि माघात दिसलाच नाही, आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं: पक्षी आढळून आला नाही. पूर्वेस पाणी, गुडघाभर. पश्चिमेस पाणी. पक्ष्याच्या रकान्यात काही नसलं तरी चतुःसीमा कोरी सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता.

फागुनात मी पुन्हा बरोबर होते. पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं, आणि साहेबांनी कागदावर चतुःसीमा आधीच लिहून घेतली. बेशरमाच्या फांदीवर एक पक्षी होता, पण तो पिवळा नव्हता. उन्हात निळा-जांभळा चमकणारा, सावलीत काळाकुट्ट. आमच्या जास्वंदीवर रोज येतो तो साधा शिंजीर, ज्याला पोरंसोरंही ओळखतात. मी दुसरीकडे पाहायला लागले. साहेब मात्र दुर्बीण खाली घेईनात. पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला, बसला आणि डावीकडे कलला.

डावा पाय आखडलेला होता.

साहेब बांधावर बसले. त्यांनी पुस्तक काढलं आणि साध्या शिंजिराचं पान उघडलं. ते पान त्यांनी इतक्या वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. अंगणातल्या पक्ष्याचं काय वाचायचं? तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं की विणीचा हंगाम सरला की नर आपला जांभळा रंग टाकतो, काही महिने पिवळा होतो आणि गळ्यावर फक्त एक काळी रेघ उरते.

केजाबाई जवळच म्हशी धूत होती. साहेबांनी तिला हाक मारली आणि सगळं सांगितलं. हा अंदमानचा नाही, इथलाच आहे, माझी चूक झाली. ती जराही चकित झाली नाही.

“ये तो रोज के चिरई ए, साहेब,” ती म्हणाली. “देवारी म पिंवरा, फागुन म करिया.”

दिवाळीत पिवळा, फागुनात काळा. गावातलं शेंबडं पोरही हे जाणत होतं. मग तू अंगठा काहून दिला, असं साहेबांनी विचारलं. ती मराठी समजली नाही, पण प्रश्न समजली.

“तुमन पूछे कहां? तुमन लिखत रहेव.”

आपण विचारलं कुठे? आपण तर लिहीत होता. हे ती रागानं बोलली नाही. मोठ्या माणसाची चूक काढू नये म्हणून ज्या आदरानं तिनं अंगठा दिला होता, त्याच आदरानं ती हे बोलली. आणि मग सहज, म्हशीच्या पाठीवर पाणी टाकता टाकता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या जुन्या कागदावर, जेठातल्या, तिच्या नवऱ्याचा अंगठा होता. तो त्या दिवशी घरी येऊन म्हणाला होता की साहेबानं डबरीला परिया, म्हणजे पडीत, लिहिलं. ती म्हणाली, मग तू बोलला का नाही? तो म्हणाला, साहेब लिहीत होता.

परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेपोटी मी आयुष्यातला एक वाईट सल्ला दिला. म्हटलं, साहेब, गप्प बसा. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. पक्षी साधा आहे हे तुम्हांला, मला आणि केजाबाईला माहीत. पेपरात छापून आलं आहे, पाच सह्या आहेत. डबरी तर खरी आहे ना? खऱ्या डबरीसाठी एक खोटा पक्षी चालून जाईल.

ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला.

“तेव्हा मी अर्धं पाहून लिहिलं,” ते म्हणाले. “आता पुरं पाहून खोटं लिहू?”

मला माझी लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. पक्षी गेला की हाती काय उरतं? एका बाजूला शासनाची नोंद, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त म्हातारा, ज्याच्याच सहीनं ती नोंद झालेली. गाव भिंतीवरच्या कात्रणावर विसंबून होतं, आणि ते कात्रण आता साहेबच फाडायला निघाले होते.

सुनावणीच्या दिवशी मी सेमरडीहचा बस्ता घेऊन कोपऱ्यात उभी होते. अधिकारी तरुण होते, बाहेरच्या राज्यातून आलेले, शांत बोलणारे. गावातली दहा-बारा माणसं भिंतीला टेकून उभी होती, त्यांत केजाबाई धुवट लुगड्यात. साहेबांनी बूट दाराबाहेर काढले. कचेरीत त्यांनी बूट काढलेले मी कधी पाहिले नव्हते.

ते हिंदीत बोलले आणि सरळ बोलले. पक्षी दुर्मीळ नाही, प्रत्येकाच्या अंगणात येतो, ती चूक माझी. पंचांनी सह्या केल्या कारण मी लिहीत होतो. कुणाला विचारलं नव्हतं. आणि तीस वर्षांपूर्वीची ही ‘पड़ती’ची नोंदही माझीच, तिच्यावरचे पाच अंगठेही असेच घेतलेले. भिंतीपाशी कुजबूज झाली. सरपंचांनी कपाळावर हात मारला.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “यानी आप कह रहे हैं कि आपके किसी काग़ज़ पर भरोसा न किया जाए?”

“अभी मत कीजिए,” साहेब म्हणाले. “पहले इनसे पूछिए. काग़ज़ बाद में खोलिए.”

त्यांनी मासिक पंचनाम्यांचा लिफाफा टेबलावर ठेवला, तोंड गोंदानं बंद केलेलं, आणि केजाबाईकडे हात केला. ती पुढे आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्या कागदांत काय आहे हे तिला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, डबरीत पाणी कधी असतं? ती सांगायला लागली. बोटं मोजत, पदर खोचत, जणू घरातल्या रांजणाबद्दल सांगावं तशी. दिवाळीत कंबरभर. अगहनात मांडीपर्यंत. पुसात गुडघाभर, पण उत्तरेच्या अंगाला जास्त, कारण तिकडे खड्डा आहे. माघात दक्षिणेचा बांध उघडा पडतो. फागुनात घोट्याइतकं. मग ती थांबली आणि म्हणाली, “जेठ म सुक्खा. अउ असाढ़ म फेर पानी.”

अधिकाऱ्यांनी लिफाफा फोडला. मी कोपऱ्यातून पाहत होते. त्यांनी पहिला कागद काढला, चतुःसीमेवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचलं. मग दुसरा. तिसऱ्या कागदावर त्यांनी मान वर करून केजाबाईकडे पाहिलं. उत्तरेस पाणी, सर्वांत खोल. चौथ्यावर: दक्षिणेस बांध, कोरडा. पाचव्यावर: घोट्याइतकं. पक्ष्याचा एकेक रकाना चुकलेला किंवा रिकामा, आणि त्या पक्ष्याच्या चारी बाजूंचं पाणी महिन्यामहिन्याला बोट न बोट जुळत गेलेलं.

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी बस्त्याची गाठ नीट करत बसले.

अधिकाऱ्यांनी त्या दिवशी निकाल दिला नाही. जागेची नव्यानं पाहणी होईल एवढंच सांगितलं. पाहणी आषाढ सरल्यावर झाली, डबरी काठोकाठ असताना. नोंद दुरुस्त झाली आणि रस्ता नकाशावर थोडा वाकला. आज त्या रस्त्यानं गेलं तर अभनपुरच्या अलीकडे एक वळण लागतं, ज्याचं कारण तिथल्या ड्रायव्हरांना माहीत नाही.

साहेबांनी जिंकल्याचा आव आणला नाही आणि हरल्याचा तर मुळीच नाही. काकूंनी मात्र त्यांना सोडलं नाही. दर दिवाळीत जास्वंदीवर पिवळा शिंजीर आला की त्या स्वयंपाकघरातून ओरडत, “अहो, अंदमानचे पाहुणे आले, चहा टाकू का?” साहेब हसत आणि दुर्बीण न उचलता बघत बसत. पंचनामे थांबले नाहीत, पण त्यांची रीत बदलली. आता ते आधी पेन खिशात ठेवत, मग समोरच्याला विचारत, आणि त्यानं सांगितल्यावर मगच लिहीत. गल्लीतल्या लोकांना हे फार लांबण वाटायचं. पुजारी म्हणायचे, तुम्ही लिहा ना साहेब, आम्ही करतो सही. साहेब मान हलवत.

त्यांची माझी शेवटची भेट सेमरडीहलाच झाली. काही वर्षांनंतर, जेठातच. मी अभनपुरला एका लग्नाला गेले होते आणि परतताना त्या वळणावर रिक्षा थांबवायला लावली. डबरी पूर्ण आटली होती. तळाच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, शिंगाड्याच्या वेलांच्या वाळक्या दोऱ्या. कहुआच्या सावलीत साहेब बसले होते, डोक्यावर तोच गाठी मारलेला रुमाल, बाजूला केजाबाई. ते बरेच थकले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही; चार सह्या झाल्या होत्या आणि पाचवं माणूस येणारच, अशा खात्रीनं ते बसलेले दिसले.

मांडीवर पाटी, पाटीला कागद. मी वाकून वाचायला गेले तर त्यांनी कागदावर हात आडवा ठेवला.

“वाचू नको,” ते म्हणाले. “आधी समोर पाह्य, आणि सांग, काय दिसून राहिलं तुले?”

मी समोर पाहिलं. दुपारचं ऊन, भेगाळलेली माती, मध्यभागी बेशरमाचं झुडूप आणि त्यावर काहीतरी काळं-निळं चमकून गेलं. पाण्याचा थेंब नव्हता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एक तरुण पटवारी अशाच उन्हात इथं उभा राहिला असणार. केजाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, पण काही सुचवत नव्हती.

“डबरी,” मी म्हटलं.

त्यांनी कागदावरचा हात काढला आणि पेन मला दिलं.